खरेदीचा रकाना

ब्रोकरच्या टॅक्स पी अँड एल रिपोर्टमध्ये (करासाठी काढलेल्या शेअरच्या नफा-तोट्याच्या हिशोबात) विक्रीचा रकाना बहुतेक वेळा बरोबर असतो. शेअर त्यांच्यामार्फत विकले गेले, पैसे त्यांच्याकडूनच बँकेत आले. तिथे चूक व्हायला फार जागा नसते. मी बारकाईने बघते तो शेजारचा खरेदीचा रकाना. शेअर मुळात कधी घेतला आणि कितीला घेतला, हे ब्रोकरला ठाऊक असेलच असं नाही. ठाऊक नसलं तरी रिपोर्ट छापून येतो, खाली बेरीज येते, वर लोगो असतो, आणि माणसाला वाटतं, एवढं छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार.

कर लागतो विक्रीतून खरेदी वजा करून जे उरतं त्यावर. खरेदीचा आकडा चुकला की कर चुकला, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा रिटर्न भरणाऱ्याच्याच अंगावर येतो.

मी जुळे सोलापुरात राहते आणि घरूनच रिटर्न भरायचं काम करते. पूर्वी माझ्याकडे यायचे ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे छोटे कारखानदार, नवी पेठेतले दुकानदार आणि फॉर्म १६ घेऊन येणारे नोकरदार. शेअरवाला एखादाच, आणि तोही कुठल्याशा जुन्या कंपनीचे शंभर शेअर सांभाळून बसलेला. करोनानंतर सगळं पालटलं. देशात मार्च २०२० मध्ये साधारण ४ कोटी डीमॅट खाती होती, मार्च २०२५ अखेर ती १९ कोटींच्या वर गेली. त्यातली बरीच आपल्या गावातली असावीत असं मला माझ्या टेबलावरच्या कागदांवरून वाटतं. साखर पेठेतल्या वहिनी, अशोक चौकातली तरुण पोरं, होटगी रोडचे निवृत्त अधिकारी, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ॲप आहे. कुणी मॅडम म्हणतं, कुणी ताई, तेलुगू घरातली मंडळी अक्का म्हणतात, पण मागणी सगळ्यांची एकच: "रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकलाय, तेवढा भरून टाका."

तेवढा भरून टाकता येत नाही. का येत नाही, ते नीट सांगावं म्हणून हे लिहायला घेतलं. हे २०२४-२५ च्या रिटर्नच्या वेळचं आहे; तेव्हा मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढली होती.

विजापूर रोडवर राहणाऱ्या एका काकूंचं उदाहरण सांगते. त्यांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २०२१ मध्ये गेले. त्यांच्या नावावरचे शेअर रीतसर कागदपत्रं देऊन काकूंच्या डीमॅटमध्ये आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये घराच्या दुरुस्तीसाठी त्यांनी ते विकले. ६ लाख २० हजार आले. पुण्याच्या मुलाने फोनवरून सांगितलं, ॲपमधून टॅक्स रिपोर्ट काढ आणि ताईंना दे. काकूंनी शेजारच्या मुलीकडून प्रिंट काढून घेतली आणि माझ्यासमोर ठेवली. खरेदीच्या रकान्यात सगळीकडे शून्य.

"ताई, हे शून्य का लिहिलंय? ह्यांनी काय फुकट घेतले होते का शेअर?"

प्रश्न अगदी रास्त होता. वारसाहक्काने शेअर येतात तेव्हा नव्या खात्यात फक्त संख्या येते, किंमत येत नाही. ब्रोकरच्या संगणकाला एवढंच दिसतं की अमुक दिवशी बाजारातून न घेतलेले शेअर आत आले. म्हणून तो शून्य लिहितो. काही ब्रोकर त्या दिवसाचा बाजारभाव लिहितात, तेही कायद्याला धरून नाही. कायदा काय म्हणतो? वारशाने मिळालेल्या शेअरची खरेदी किंमत म्हणजे मूळ मालकाने, इथे गुरुजींनी, जी दिली ती. आणि शेअर किती काळ बाळगला हे मोजताना गुरुजींच्या खरेदीपासून मोजायचं.

गुरुजींनी बहुतेक शेअर २०१४ च्या आसपास घेतले होते. म्हणजे त्यांना दुसरा एक नियमही लागू होतो. १ फेब्रुवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या शेअरच्या बाबतीत ३१ जानेवारी २०१८ चा बाजारातला सर्वात वरचा भाव बघायचा. तो भाव आणि विक्रीची किंमत यांतली जी कमी असेल ती घ्यायची, मग तिची तुलना प्रत्यक्ष खरेदीशी करायची आणि दोन्हींत जी जास्त ती खरेदी किंमत म्हणून धरायची. एप्रिल २०१८ पासून दीर्घ मुदतीच्या (बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या) नफ्यावर पुन्हा कर आला, तेव्हा आधीच्या वर्षांत झालेल्या वाढीवर तो बसू नये म्हणून ही सोय ठेवली गेली.

आता आकडे बघा. गुरुजींची प्रत्यक्ष खरेदी १ लाख १० हजार. ३१ जानेवारी २०१८ च्या भावाने त्याच शेअरची किंमत २ लाख ८५ हजार. म्हणजे खरेदी धरायची २ लाख ८५ हजार, आणि नफा ३ लाख ३५ हजार. त्यातले पहिले १ लाख २५ हजार करमुक्त. उरलेल्या २ लाख १० हजारांवर साडेबारा टक्क्यांनी २६,२५० रुपये. ब्रोकरचा कागद जसाच्या तसा भरला असता तर ४ लाख ९५ हजारांवर ६१,८७५ रुपये. ३५ हजारांच्या वर फरक, आणि सेस वेगळाच. कुटुंब निवृत्तिवेतन आणि ठेवींचं व्याज यांवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. असे किती रिटर्न मुकाट्याने भरले जात असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं. इथे कर चुकवायचा प्रश्नच नाही. जो कर लागूच होत नाही तो भरला जातो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुरावा मात्र लागतो. काकूंनी कपाटातून गुरुजींच्या फायली काढल्या. काही कॉन्ट्रॅक्ट नोटा (ब्रोकरने दिलेल्या सौद्याच्या पावत्या) सापडल्या, काही नाही. ज्या सबब्रोकरकडून घेतले होते त्याचं ऑफिस कधीच बंद झालंय. पण गुरुजींच्या वहीत तारीख, कंपनी, संख्या आणि भाव सगळं मास्तरी अक्षरात लिहिलेलं होतं, आणि त्या तारखांना बँकेच्या पासबुकात रकमा वजा झालेल्या दिसत होत्या. ज्यांची नोट सापडली नाही त्यांच्यासाठी गुरुजींच्या जुन्या डीमॅट खात्याचं जानेवारी २०१८ चं स्टेटमेंट मागवलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ३१ जानेवारीचा भाव प्रत्यक्ष खरेदीपेक्षा जास्त असेल, तर नेमकी कितीला घेतले हा प्रश्न मागे पडतो. त्या दिवशी ते शेअर खात्यात होते हे दाखवता आलं पाहिजे. जुनं स्टेटमेंट तेवढं काम करतं, आणि खातं ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे लेखी अर्ज देऊन ते मागता येतं.

हे सगळं रिटर्नमध्ये शेड्युल ११२ए नावाच्या तक्त्यात जातं. १ फेब्रुवारी २०१८ च्या आधीचे शेअर तिथे कंपनीवार, एकेक ओळ करून भरावे लागतात. नंतर घेतलेल्यांची एकत्र बेरीज चालते. कंटाळवाणं काम आहे, पण काकूंचे पैसे त्या ओळींमध्येच वाचले. त्यांचं वय साठच्या वर आहे आणि धंद्याचं उत्पन्न नाही, त्यामुळे ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) भरला नाही म्हणून व्याजही लागलं नाही.

आता कुणी विचारेल, शून्य दिसलं की ते चुकीचंच असतं का? नाही. कंपनीने फुकट दिलेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत शून्यच असते, आणि मुदत बोनस मिळाल्या दिवसापासून मोजायची. शंभरावर शंभर बोनस मिळाले, सगळे दोनशे विकले, तर पहिल्या शंभरांना त्यांची जुनी किंमत आणि जुनी तारीख, पुढच्या शंभरांना शून्य आणि नवी तारीख. बोनस २०१८ च्या त्या तारखेआधी मिळालेला असेल तर मात्र त्यालाही ३१ जानेवारीच्या भावाचा फायदा मिळतो. स्प्लिटचं वेगळं: दहाच्या दर्शनी मूल्याचा एक शेअर दोनच्या पाचांत मोडला तर तारीख जुनीच राहते, फक्त किंमत पाचांत विभागायची, आणि ३१ जानेवारीचा भावही तसाच विभागायचा. हा दुसरा भाग राहून जातो. म्हणून शून्य दिसलं किंवा खरेदीचा भाव विक्रीच्या दहापट दिसला, की मी आधी विचारते, "हे शेअर तुमच्याकडे आले कसे?"

या प्रश्नाचं सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर म्हणजे, "जुन्या खात्यातून नव्या ॲपमध्ये ट्रान्स्फर केले." बँकेच्या डीमॅटला वर्षाचं शुल्क जास्त, म्हणून लोकांनी स्वस्त ॲप घेतलं आणि शेअर तिकडे हलवले. यात गैर काहीच नाही. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात गेले तर विक्री होत नाही, कर लागत नाही. पण नव्या ॲपला जुनी किंमत कळत नाही. तिथे रकाना कोरा दिसतो आणि ॲप सांगतं, किंमत तुम्हीच भरा. मग लोक स्क्रीनवरचं लाल-हिरवं नीट दिसावं म्हणून अंदाजे काहीतरी भरतात, तारीख तर आजचीच टाकतात. महिने उलटतात, आणि तोच अंदाज टॅक्स रिपोर्टमध्ये पक्का आकडा होऊन उतरतो.

यात किमतीपेक्षा तारखेने जास्त नुकसान होतं. शेअर बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवला तर दीर्घ मुदतीचा, नाहीतर अल्प मुदतीचा. पाच वर्षं सांभाळलेला शेअर ट्रान्स्फरनंतर आठ महिन्यांनी विकला, आणि रिपोर्टने ट्रान्स्फरची तारीख खरेदीची म्हणून धरली, तर साडेबारा टक्क्यांऐवजी वीस टक्के कर लागतो आणि सव्वा लाखाची सूटही हातची जाते. जुन्या ब्रोकरचं खातं बंद करायच्या आधी तिथली सगळ्या वर्षांची व्यवहारांची स्टेटमेंट उतरवून घ्या, हे मी आता रिटर्नचा हंगाम नसतानाही सगळ्यांना सांगत असते. खातं बंद झालं की लॉगिन जातं. मग मेलमध्ये जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटा शोधत बसावं लागतं, आणि त्यांचे पासवर्ड पॅन नंबरच्या लहान अक्षरांत की मोठ्या, हे कुणाला आठवत नाही.

दोन-तीन डीमॅट खाती असतील तर आणखी एक गोष्ट. एकाच कंपनीचे शेअर वेगवेगळ्या तारखांना घेतले असतील तर आधी घेतलेले आधी विकले असं धरायचं, पण हा हिशोब प्रत्येक खात्यापुरता वेगळा करायचा. एका खात्यातली २०१९ ची खरेदी दुसऱ्या खात्यातल्या विक्रीला जोडता येत नाही. सगळ्या खात्यांची सरासरी काढून तर मुळीच चालत नाही. ॲपच्या स्क्रीनवर जो ॲव्हरेज भाव दिसतो तो आपल्याला समजायला असतो, रिटर्नला त्याचा उपयोग नाही.

२०२४-२५ च्या रिपोर्टमध्ये आणखी एक विभागणी होती. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने दर बदलले आणि ते त्याच दिवसापासून लागू झाले. अल्प मुदतीचा कर १५ वरून २० टक्के, दीर्घ मुदतीचा १० वरून साडेबारा. करमुक्त मर्यादा एक लाखाची सव्वा लाख झाली, ती मात्र अख्ख्या वर्षाला. म्हणून त्या एकाच आर्थिक वर्षात २२ जुलैपर्यंतच्या विक्रीला एक दर आणि २३ जुलैपासूनच्या विक्रीला दुसरा, आणि फॉर्ममध्ये दोन्ही वेगळे भरायचे. यात विक्रीची तारीख बघायची. काहीजण खरेदीच्या तारखेवरून भांडतात, पण दर ठरतो तो विकल्याच्या दिवशी. याशिवाय नफा वर्षातल्या पाच टप्प्यांत विभागून द्यावा लागतो, १५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत असा, म्हणजे ॲडव्हान्स टॅक्सवरचं व्याज नीट निघतं. बऱ्याच ब्रोकरच्या एक्सेलमध्ये ही विभागणी तयार मिळते. पीडीएफ घेऊ नका, एक्सेल घ्या.

एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावर लागणारा सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, त्याबद्दलही सांगून टाकते. भांडवली नफा काढताना ब्रोकरेज, त्यावरचा जीएसटी, एक्स्चेंजचे चार्जेस हे खर्चात धरता येतात. एसटीटी धरता येत नाही. काही रिपोर्टमध्ये सगळे चार्जेस एकाच ओळीत बेरीज करून दिलेले असतात. त्यातला एसटीटी वेगळा काढावा लागतो.

बायबॅकचं २०२४-२५ मध्ये फारच विचित्र झालं. १ ऑक्टोबर २०२४ पासून कंपनीने शेअर परत घेतले तर मिळालेली सगळीच्या सगळी रक्कम लाभांश म्हणून धरली जाऊ लागली आणि तिच्यावर तुमच्या स्लॅबने कर आला. खरेदीची किंमत मग जाते कुठे? ती भांडवली तोटा म्हणून दाखवायची आणि दुसऱ्या नफ्यातून वजा करायची, त्या वर्षी नफा नसेल तर पुढे न्यायची. ब्रोकरचा रिपोर्ट अशा व्यवहाराला कधी साधी विक्री म्हणतो, कधी त्याची नोंदच नसते. एका ग्राहकांनी बायबॅकचा लाभांश दाखवला होता, तोटा सोडून दिला होता. खरेदीचा रकाना इथेही वाऱ्यावर पडतो.

होटगी रोडचे एक निवृत्त अधिकारी आहेत, अत्यंत नीटनेटके. सगळे कागद फाइलमध्ये तारीखवार. ते आले तेव्हा चेहरा उतरलेला. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरच्या एआयएसमध्ये (आपल्या व्यवहारांची जी माहिती खात्याकडे पोचते तिच्या यादीत) त्यांची शेअर विक्री ८ लाख ४१ हजार दिसत होती, ब्रोकरच्या कागदावर ८ लाख ३६ हजार ५००. "मॅडम, साडेचार हजारांसाठी नोटीस येईल का हो?" आयुष्यात एक पैसा इकडचा तिकडे न केलेला माणूस, आणि रात्रभर झोप नाही.

एआयएसमध्ये शेअर विक्रीची माहिती डिपॉझिटरीकडून, म्हणजे डीमॅटमधले शेअर जिथे नोंदलेले असतात त्या संस्थेकडून येते. तुमचा सौदा सकाळी साडेदहाला किती भावाने झाला हे डिपॉझिटरीला माहीत नसतं. त्या दिवशी खात्यातून किती शेअर गेले हे माहीत असतं, आणि किंमत दिवसाच्या बंद भावाने लावली जाते. म्हणून थोडाफार फरक पडणारच. खरा आकडा कॉन्ट्रॅक्ट नोटेवरचा. एआयएसमध्ये त्या ओळीवर फीडबॅक देता येतो, तो आम्ही दिला, आणि रिटर्न कॉन्ट्रॅक्ट नोटेप्रमाणे भरलं. एआयएस बघितल्याशिवाय रिटर्न भरू नये हे मी ठामपणे सांगेन, कारण विसरलेला लाभांश तिथेच सापडतो. लाभांश थेट बँकेत जमा होतो, ब्रोकरच्या कागदावर असेलच असं नाही, आणि रक्कम लहान असेल (२०२४-२५ मध्ये एका कंपनीकडून ५ हजारांपर्यंत) तर टीडीएसही कापला जात नाही, म्हणजे फॉर्म २६एएस मध्येही (कापलेल्या कराच्या तक्त्यात) दिसत नाही. पण एआयएस म्हणजे तपासायची यादी. तिथलाच आकडा उचलून रिटर्नमध्ये टाकायचा नाही. तिथेही खरेदीचा रकाना बऱ्याचदा कोरा असतो.

तरुण पोरांचं दुखणं वेगळं आहे, आणि त्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. अशोक चौकाजवळ राहणारा, युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशोबाला असलेला एक मुलगा वडिलांबरोबर आला. पगार वर्षाला पाच लाखांच्या आत. ऑप्शन्समध्ये १ लाख ७२ हजार घालवलेले, इंट्राडेमध्ये (घेतलेला शेअर त्याच दिवशी विकण्यात) १८ हजार, आणि डिलिव्हरीच्या, म्हणजे खात्यात घेऊन ठेवलेल्या शेअरमध्ये ४० हजार कमावलेले. वडील म्हणाले, "अक्का, नुकसानच झालंय, मग रिटर्न कशाला?" मुलगा खाली बघत होता. त्याला मी काही बोलले नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. हा मुलगा त्या ९३ मधला एक. त्याला त्या क्षणी उपदेशाची नाही, नीट भरलेल्या रिटर्नची गरज होती.

नुकसान झालंय म्हणूनच रिटर्न भरायचं. ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये हे तीन व्यवहार तीन वेगळ्या भागांत असतात आणि त्यांना तीन वेगळे नियम आहेत. एफ अँड ओ हा धंदा धरला जातो. त्याचा तोटा पगारातून वजा होत नाही, पण इतर उत्पन्नातून होतो. त्यामुळे त्याच्या ४० हजारांच्या अल्प मुदतीच्या नफ्यावर कर उरला नाही, आणि १ लाख ३२ हजारांचा तोटा पुढच्या आठ वर्षांसाठी राखला गेला. इंट्राडे हा सट्ट्याचा धंदा. त्याचे १८ हजार फक्त तसल्याच नफ्यातून वजा होतील, आणि तेही चार वर्षांत. हे सगळं मुदतीत रिटर्न भरलं तरच. मुदत उलटली की रिटर्न भरता येतं, तोटा पुढे नेता येत नाही. यासाठी रिटर्नचा आयटीआर-३ हा फॉर्म लागतो. एफ अँड ओ असताना आयटीआर-१ किंवा २ भरू नका. धंद्याच्या या हिशोबात एसटीटी, ब्रोकरेज, सगळं खर्चात धरता येतं. उलाढालीच्या आकड्यालाही घाबरायचं कारण नाही. एका लॉटची किंमत लाखांत असते म्हणून लोकांना वाटतं आपली उलाढाल कोटींत गेली, आता ऑडिट. उलाढाल मोजताना प्रत्येक सौद्याचा नफा किंवा तोटा चिन्ह न बघता मिळवायचा. त्याची बेरीज मर्यादेच्या आसपासही नव्हती.

बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, असं प्रत्येक जण ऐकवतो. ती तरतूद २०२५-२६ या आर्थिक वर्षापासूनची आहे, २०२४-२५ च्या रिटर्नला ती नव्हती. शिवाय शेअरच्या नफ्यावरचा विशेष दराचा कर त्या सवलतीत बसत नाही. पगार दहा लाख आणि शेअरमध्ये पन्नास हजार अल्प मुदतीचा नफा असला, तर त्या पन्नास हजारांवर वीस टक्के लागणार. पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा.

माझा भाचा हिंजवडीत एका अमेरिकी कंपनीत आहे, पगाराबरोबर शेअर मिळतात. त्याचा ब्रोकर अमेरिकेतला. तिथल्या रहिवाशांना शेअर विक्रीसाठी १०९९-बी नावाचा कागद मिळतो. आपल्याकडच्यांना, ज्यांनी डब्ल्यू-८बेन (आपण अमेरिकेचे रहिवासी नाही असं सांगणारा फॉर्म) भरून दिलेला असतो, लाभांशासाठी १०४२-एस. हे दोन्ही कागद अमेरिकेच्या करासाठी बनवलेले. वर्ष जानेवारी ते डिसेंबर, रक्कम डॉलरमध्ये. आणि खरेदीच्या रकान्याची तीच गोष्ट! भाच्याच्या रिपोर्टमध्ये खरेदी शून्य होती, कारण त्याने शेअरसाठी पैसे दिलेच नव्हते. पण शेअर त्याच्या नावावर झाले त्या दिवशीची पूर्ण किंमत पगारात धरून त्यावर कर कापला गेलेला होता, फॉर्म १६ मध्ये तसं लिहिलेलं होतं. तीच त्याची खरेदी किंमत. ती न धरता रिटर्न भरलं असतं तर एकाच पैशावर दोनदा कर गेला असता.

हे शेअर आपल्या बाजारात नोंदलेले नसल्याने दीर्घ मुदतीसाठी चोवीस महिने लागतात, आणि सव्वा लाखाची सूट मिळत नाही. डॉलरचे रुपये करताना विक्रीच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर, म्हणजे बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो. लाभांशावर तिकडे कापलेले २५ टक्के इथल्या करातून वजा मिळतात, त्यासाठी फॉर्म ६७. आणि एकही शेअर विकला नसला तरी शेड्युल एफए मध्ये (परदेशातल्या मालमत्तेच्या तक्त्यात) ते दाखवावेच लागतात, तेही कॅलेंडर वर्षाप्रमाणे. २०२४-२५ च्या रिटर्नला ३१ डिसेंबर २०२४ ला संपलेलं वर्ष. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला दंडातून सूट मिळाली, पण ती फक्त दंडातून. दाखवायचं आहेच. आपल्या गावातली किती मुलं पुण्या-बंगळुरूत अशा कंपन्यांत आहेत आणि त्यांचं रिटर्न इथूनच, घरच्या ओळखीच्या माणसाकडून भरलं जातं, त्या आईवडिलांनी मुलाला एवढं विचारावं, "तुला कंपनीचे शेअर मिळतात का रे?"

माझ्याकडे येणार असाल किंवा दुसऱ्या कुणाकडे जाणार असाल, तर एवढं करून या. प्रत्येक ब्रोकरकडचा टॅक्स पी अँड एल एक्सेलमध्ये, ज्या वर्षाचं रिटर्न त्या वर्षाच्या १ एप्रिल ते ३१ मार्चचा. पोर्टलवरून एआयएस. बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट, लाभांश जुळवायला. मग रिपोर्ट उघडा आणि फक्त खरेदीचा रकाना वाचत खाली या, तारखेसकट. जिथे शून्य आहे, कोरं आहे, किंवा तुम्हाला आठवतं त्यापेक्षा वेगळं आहे, तिथे पेनने खूण करा. शेजारी लिहा: वारशाने, बोनस, ट्रान्स्फर, कंपनीकडून. वडिलांच्या किंवा यजमानांच्या जुन्या फायली रद्दीत घालू नका, त्या शेअरचा शेवटचा नग विकून रिटर्न होईपर्यंत तरी नाही. रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं असतं, आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांत होतं. मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे ना, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.